वापराचे माप आणि त्याचे मोल : क्लाउड भारसंतुलन सेवांची आकारणी

महावितरणच्या वीजदेयकावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ अशी दोन निराळी कलमे असतात. घराला कुलूप लावून कुटुंब महिनाभर परगावी गेले तरी पहिले कलम चुकत नाही. दुसरे मात्र मीटर जेवढा फिरला असेल तेवढेच. पहिल्या कलमाविषयी ग्राहक बहुधा कुरकुर करतो. न वापरलेल्या विजेचे पैसे का द्यावयाचे, हा त्याचा प्रश्न वरवर पाहता न्याय्यच वाटतो. त्याचे उत्तर जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ मध्ये देऊन ठेवले आहे. वीज पुरविणाऱ्यास मोठा खर्च पडतो तो वीज देण्याचा नव्हे, तर मागितल्या क्षणी ती देता यावी म्हणून सज्ज राहण्याचा. यास्तव देयकाचे दोन भाग असावेत, एक सज्जतेचा आणि दुसरा प्रत्यक्ष उपभोगाचा, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच सुमारास ब्रायटन येथील आर्थर राइट याने ग्राहकाची कमाल मागणी नोंदविणारे उपकरण प्रचारात आणले आणि या युक्तिवादाला मापनाची जोड मिळाली.

संगणनही एके दिवशी पाणी वा वीज यांप्रमाणे सार्वजनिक पुरवठ्याची वस्तू होईल, असे जॉन मॅकार्थी याने १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दी समारंभात म्हटले होते. ते प्रत्यक्षात उतरण्यास साडेचार दशके लागली. २००६ मध्ये ॲमेझॉनने संगणक तासाच्या हिशेबाने भाड्याने देण्यास आरंभ केला, तेव्हा सर्वांत लहान यंत्राचा दर तासाला १० सेंट होता. तास हे माप सर्वांना समजणारे होते आणि त्यावर वाद होण्याचे कारण नव्हते. वाद उद्भवतो तो जेथे विकली जाणारी वस्तू यंत्र नसून एखादी क्रिया असते तेथे. भारसंतुलन ही अशीच एक क्रिया आहे, आणि तिच्या आकारणीचा इतिहास हा मुख्यतः योग्य मापाच्या शोधाचा इतिहास आहे.

भारसंतुलक, म्हणजे या व्यवसायातील लोक ज्याला ‘लोड बॅलन्सर’ म्हणतात तो, संकेतस्थळाच्या दाराशी उभा असतो. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक विनंतीला तो सामोरा जातो, मागे काम करीत असलेल्या अनेक सर्व्हरांपैकी कोणता सुस्थितीत आहे आणि कोणावर भार कमी आहे हे पाहतो, आणि विनंती त्याच्याकडे सोपवितो. एखादा सर्व्हर बंद पडला तर त्याच्याकडे जाणारी वाट तो आपण होऊन वळवितो. बँकेत शिरताच ‘तुमचे काम तिसऱ्या खिडकीवर’ असे सांगणाऱ्या कर्मचाऱ्याची उपमा येथे दिली जाते. ती अपुरी आहे. तो कर्मचारी ग्राहकाला दिशा दाखवून मोकळा होतो. प्रस्तुत प्रकारातील भारसंतुलक मात्र ग्राहकाचे म्हणणे स्वतः ऐकून घेतो, ते खिडकीवर नेतो आणि तेथील उत्तर परत आणून देतो. दोन्ही बाजूंचा प्रत्येक शब्द त्याच्या हातून जातो. आकारणीच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो.

ॲमेझॉनने २००९ च्या मे महिन्यात ही सेवा प्रथम उपलब्ध करून दिली. तिची आकारणी हॉपकिन्सनच्या साच्यातली होती : भारसंतुलक चालू असलेल्या प्रत्येक तासाला एक ठरीव रक्कम आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक गिगाबाइटला दुसरी. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागासाठी हे दर अनुक्रमे २.५ सेंट आणि ०.८ सेंट असे आहेत. (प्रदेशागणिक दर थोडे बदलतात. या लेखातील सर्व उदाहरणे याच विभागाच्या प्रकाशित दरांवर आधारलेली आहेत.) या पद्धतीत एक उणीव होती आणि ती कालांतराने डोळ्यांत भरू लागली. गिगाबाइट हे वाहून नेलेल्या मालाचे वजन आहे; तो माल वाहून नेण्यास पडलेल्या श्रमाचे माप नव्हे. एक मोठी चित्रफीत एकाच जोडणीतून पाठविणे भारसंतुलकाला सोपे जाते. तेवढीच माहिती लक्षावधी चिमुकल्या उत्तरांत विभागली गेली तर त्याला लक्षावधी वेळा दार उघडावे लागते, ओळख पटवावी लागते आणि दार लावावे लागते. दोहोंचे वजन एक, श्रम निराळे, आणि देयक मात्र सारखे. म्हणजे चित्रफिती पाठविणारा ग्राहक लहान विनंत्या करणाऱ्याचा भार नकळत सोसत होता.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर’ या नव्या प्रकाराबरोबर मापही नवे आले. त्याचे नाव ‘लोड बॅलन्सर कपॅसिटी युनिट’, संक्षेपाने एलसीयू. मराठीत त्याला ‘क्षमता-एकक’ म्हणता येईल. या एककाला चार अंगे आहेत. एका क्षमता-एककात सेकंदाला २५ नव्या जोडण्या, मिनिटाला ३,००० चालू जोडण्या, तासाला १ गिगाबाइट माहिती, आणि सेकंदाला १,००० नियमपडताळण्या सामावतात. भारसंतुलक चालू ठेवण्याचा दर ताशी २.२५ सेंट आणि प्रत्येक क्षमता-एककाचा दर ताशी ०.८ सेंट.

ही चार अंगे मनास येईल तशी निवडलेली नाहीत. यंत्राच्या निरनिराळ्या अवयवांवर पडणारा ताण त्यांत प्रतिबिंबित झाला आहे. नवी सुरक्षित जोडणी उघडताना ओळख पटवून दोन्ही पक्षांना गुप्त किल्ली ठरवावी लागते. हे गणित अवघड असते आणि त्याचा भार प्रक्रियकावर पडतो. जोडणी एकदा उघडली की ती नुसती उघडी ठेवण्यास प्रक्रियक फारसा लागत नाही, पण तिची नोंद स्मृतीत जागा अडवून बसते. माहितीच्या वहनाचा ताण जालमार्गावर येतो. नियमपडताळणीचा प्रकार थोडा निराळा आहे. आलेली विनंती ‘प्रवेश’ विभागाची की ‘ग्रंथालय’ विभागाची, हे पत्त्यावरून ठरविण्यासाठी भारसंतुलक नियमांची यादी क्रमाने तपासतो, आणि यादी जितकी लांब तितका वेळ अधिक. पहिल्या दहा नियमांची पडताळणी आकारणीतून वगळलेली आहे. त्यामुळे लहान संस्थांना हे अंग बहुधा जाणवतही नाही.

यापुढील नियम या पद्धतीचा गाभा आहे. चार अंगांची बेरीज केली जात नाही. प्रत्येक अंगाच्या मानाने किती क्षमता-एकके लागली ते स्वतंत्रपणे काढले जाते, आणि त्यांपैकी जे सर्वांत मोठे असेल तेवढ्याचेच पैसे घेतले जातात. बाकीची तीन अंगे त्याच किमतीत येतात. हे औदार्य नव्हे. कोणतेही यंत्र त्याच्या सर्वांत ताणल्या गेलेल्या अवयवापाशी अडते. स्मृती भरली की प्रक्रियक रिकामा असूनही त्या यंत्राला अधिक काम देता येत नाही. शिवाय या यंत्रणेवर हजारो ग्राहकांची कामे एकत्र चालतात, तेव्हा एकाने न वापरलेला प्रक्रियक दुसऱ्याच्या कामी येतो. बेरजेची पद्धत स्वीकारली असती तर समतोल वापर करणाऱ्या ग्राहकाला अकारण अधिक पैसे मोजावे लागले असते.

या चार आकड्यांचे परस्परांशी भागाकार करून पाहिले असता काही उपयुक्त गोष्टी हाती लागतात. दरपत्रकात त्या लिहिलेल्या नसतात. सेकंदाला २५ नव्या जोडण्या म्हणजे तासाला ९०,०००. एक गिगाबाइट ९०,००० जोडण्यांत वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ११ किलोबाइट येतात. याचा अर्थ असा की, प्रत्येक जोडणीतून ११ किलोबाइटांहून अधिक माहिती जात असेल तर देयक माहितीच्या वजनावर ठरेल. कमी जात असेल तर जोडण्यांच्या संख्येवर. त्याचप्रमाणे ३,००० भागिले २५ म्हणजे १२०. सरासरी जोडणी दोन मिनिटांहून अधिक काळ उघडी राहत असेल तर नव्या जोडण्यांपेक्षा चालू जोडण्यांचे अंग वरचढ होते. संभाषणाचे किंवा थेट धावफलकाचे संकेतस्थळ या दुसऱ्या वर्गात पडते. आजच्या चित्रमय संकेतस्थळांचे पान ११ किलोबाइटांत मावणे दुर्मीळच. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत जुनी गिगाबाइटची आकारणीच नव्या नावाने चालू राहिली आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

एखाद्या विद्यापीठाचे निकालाचे संकेतस्थळ उदाहरणादाखल घेता येईल. एरवीच्या दिवशी सेकंदाला २ नव्या जोडण्या उघडतात, प्रत्येक एक मिनिट टिकते, सेकंदाला १०० किलोबाइट माहिती जाते, सेकंदाला ६ विनंत्या येतात आणि नियम १२ आहेत, असे समजू. नव्या जोडण्यांच्या अंगाने ०.०८, चालू जोडण्यांच्या अंगाने ०.०४, माहितीच्या अंगाने ०.३६, आणि नियमांच्या अंगाने (पहिले दहा वगळता) ०.०१२ इतकी क्षमता-एकके लागतात. आकारणी ०.३६ वर होईल. ताशी खर्च २.२५ अधिक ०.२९, म्हणजे सुमारे २.५४ सेंट, ७३० तासांच्या महिन्याला साडेअठरा डॉलर. त्यांपैकी जवळजवळ साडेसोळा डॉलर केवळ सज्जतेचे आहेत.

आता निकाल जाहीर होण्याचा तास पाहू. सेकंदाला १,५०० नव्या जोडण्या, प्रत्येकीतून केवळ गुणपत्रक जाते म्हणून १० किलोबाइट, टिकण्याचा काळ तोच एक मिनिट, आणि प्रत्येक जोडणीत दोन विनंत्या. नव्या जोडण्यांच्या अंगाने ६० एकके, चालू जोडण्यांच्या अंगाने ३०, माहितीच्या अंगाने ५४, नियमांच्या अंगाने ६. येथे प्रधान अंग बदलले. माहिती मागे पडली आणि नव्या जोडण्या पुढे आल्या, कारण १० किलोबाइट हे वर काढलेल्या ११ किलोबाइटांच्या सीमेखाली आहे. त्या तासाचा खर्च अर्धा डॉलर. लक्षावधी विद्यार्थी एकाच वेळी दारावर धडकले असता दारवानाची मजुरी पन्नास सेंट व्हावी, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. तथापि गणित बरोबर आहे. खरा खर्च दारवानाचा नसतोच. तो कोठे असतो ते पुढे येईल.

तत्पूर्वी एककाच्या नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ‘नेटवर्क लोड बॅलन्सर’ आला आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘गेटवे लोड बॅलन्सर’. दोहोंनाही आपापले क्षमता-एकक आहे. त्यांची नावे एकाच घराण्यातली, पण मापे निराळी. नेटवर्क प्रकारात साध्या टीसीपी जोडण्यांसाठी एका एककात सेकंदाला ८०० नव्या आणि १,००,००० चालू जोडण्या बसतात. यूडीपी प्रवाहांसाठी ४०० आणि ५०,०००. कूटबद्ध टीएलएस जोडण्यांसाठी ५० आणि ३,०००. माहिती मात्र तिन्हींत तासाला १ गिगाबाइट, आणि दर ताशी ०.६ सेंट. गेटवे प्रकारात ६०० नव्या आणि ६०,००० चालू जोडण्या. जुन्या काळी मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा मण ८२ पौंडांहून अधिक होता. ‘मणाला भाव काय’ असे विचारणाऱ्याला आधी ‘कोठला मण’ हे सांगावे लागे. वजनमापांचा १९५६ चा कायदा झाल्यावर तो घोळ हळूहळू मिटला. येथे तो नव्याने निर्माण झाला आहे, आणि एककाचा दर तेवढा पाहून दोन सेवांची तुलना करणारा ग्राहक हमखास फसतो.

पण याच आकड्यांत एक सत्यही दडलेले आहे. ८०० आणि ५० यांचे गुणोत्तर १६ आहे. साधी जोडणी आणि कूटबद्ध जोडणी यांच्या श्रमांतील अंतर किती मानले गेले आहे, ते येथे उघड होते. यंत्राच्या अंतर्रचनेविषयी विक्रेता मौन पाळतो. दरपत्रक मात्र थोडेसे बोलून जाते. वरील निकालाचा तास साध्या टीसीपीवर चालविला तर नव्या जोडण्यांच्या अंगाने दोनहूनही कमी एकके लागतात आणि आकारणी माहितीच्या ५४ एककांवर येते. कूटबद्ध जोडण्यांसाठी हेच अंग ३० पर्यंत चढते, तरी प्रधान अंग माहितीच राहते. दोन्ही वेळी एककांचा खर्च ३२ सेंटांच्या आसपास. यावरून नेटवर्क प्रकार स्वस्त असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तो पत्ता वाचून विभागवार वाटणी करीत नाही. ते काम मग मागच्या सर्व्हरांना करावे लागते आणि त्याचे पैसे दुसऱ्या कलमाखाली जातात.

इतर विक्रेत्यांची पद्धत थोडक्यात सांगता येते. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आपल्या मूलभूत भारसंतुलन सेवेत सज्जतेचे माप म्हणून यंत्राऐवजी नियम घेतला आहे : पहिल्या पाच नियमांचे मिळून ताशी २.५ सेंट, पुढील प्रत्येक नियमाला ताशी १ सेंट, आणि त्याशिवाय गेलेल्या माहितीच्या गिगाबाइटमागे निराळा आकार. येथे ‘नियम’ म्हणजे कोणत्या पत्त्यावर आलेली वाहतूक कोठे पाठवावयाची ते सांगणारे कलम; ॲमेझॉनच्या एककात पडताळला जाणारा नियम निराळा. पारिभाषिक शब्द एक, अर्थ दोन. मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲप्लिकेशन गेटवे’ या प्रगत सेवेत ॲमेझॉनसारखेच क्षमता-एकक आहे आणि त्यात २,५०० टिकाऊ जोडण्या व सेकंदाला २.२२ मेगाबिट वहन येते. हा २.२२ चा आकडा चमत्कारिक दिसतो; पण त्याला ३,६०० ने गुणून ८ ने भागले की ९९९ मेगाबाइट मिळतात, म्हणजे तीच तासाला एक गिगाबाइट. शिवाय ती दशमान गिगाबाइट आहे, संगणकशास्त्रात रूढ असलेली १,०२४ च्या पटीतली नव्हे, हेही त्या भागाकारावरून कळते. दोहोंत सात टक्क्यांहून अधिक फरक पडतो.

भारसंतुलनाच्या कलमात न दिसणारे पण त्याच्यामुळे उद्भवणारे खर्च आता पाहिले पाहिजेत. पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे माहिती बाहेर पाठविण्याचा. ॲमेझॉनच्या जाळ्यात माहिती आत येते ती फुकट. बाहेर जाते ती उत्तर व्हर्जिनियातून गिगाबाइटला ९ सेंट या दराने. महिन्याचे पहिले १०० गिगाबाइट माफ आहेत. ही सवलत बाजूला ठेवली, तर वरील निकालाच्या तासात गेलेल्या ५४ गिगाबाइटांचा आकार ४ डॉलर ८६ सेंट होतो, भारसंतुलकाच्या खर्चाच्या जवळजवळ दहापट. दुसरा खर्च पत्त्यांचा. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट पडतो. ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर किमान दोन उपलब्धता-क्षेत्रांत उभा करावा लागतो आणि जनतेसाठी खुला असल्यास प्रत्येक क्षेत्रात त्याला एक पत्ता लागतो. म्हणजे महिन्याला ७ डॉलर ३० सेंट. न वापरता पडून राहिलेला भारसंतुलकही महिन्याला पावणेचोवीस डॉलर खातो तो असा. दहा विभागांनी दहा भारसंतुलक उभारले तर वर्षाला २,८०० डॉलरांहून अधिक रक्कम एकही विनंती न येता खर्च होईल. एकच भारसंतुलक आणि दहा नियम यांवर ते काम भागत असते, आणि ते दहा नियम फुकट आहेत. तिसरा खर्च एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात होणाऱ्या वाहतुकीचा. ॲप्लिकेशन प्रकारात भारसंतुलक आणि सर्व्हर यांच्यामधील अशी वाहतूक माफ आहे. नेटवर्क प्रकारात क्षेत्रांतर्गत बंधन काढून टाकल्यास ती आकारली जाते.

मापनाच्या कालखंडाविषयी एक बारकावा राहिला. क्षमता-एककाची चारही अंगे तासाच्या सरासरीने मोजली जातात. दहा मिनिटांची लाट पन्नास मिनिटांच्या शांततेत विरघळून जाते. राइटच्या उपकरणाला हे मान्य झाले नसते; त्याचा रोख नेमका शिखरावर होता. मोठ्या वीजग्राहकांना आजही कमाल मागणीवर ‘मागणी आकार’ भरावा लागतो. क्लाउड विक्रेत्याने शिखराचे मोल सोडून दिले, कारण हजारो ग्राहकांची शिखरे एकाच क्षणी येत नाहीत यावर त्याची भिस्त आहे. परंतु भारसंतुलकाची क्षमता वाढण्यास थोडा अवधी लागतो, आणि ठीक एक वाजता उघडणारा निकाल तो अवधी देत नाही. पूर्वी अशा प्रसंगासाठी विक्रेत्याला आगाऊ कळवून यंत्रणा ‘तापवून’ घ्यावी लागे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून क्षमता-एकके आधीच राखून ठेवण्याची सोय झाली आहे. राखलेली एकके वापरली नाहीत तरी त्यांचे पैसे पडतात. म्हणजे आठ वर्षांच्या फेऱ्यानंतर हॉपकिन्सनचा सज्जतेचा आकार, एका निराळ्या दाराने, पुन्हा आत आला.

‘जेवढे वापराल तेवढेच भरा’ हे या पद्धतीचे ब्रीदवाक्य. त्यातील क्रियापदांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वाक्याची रचना अशी की, ‘वापरणे’ आणि ‘भरणे’ या दोन्ही क्रियांचा कर्ता एकच आहे असे ऐकणारा गृहीत धरतो. विजेच्या बाबतीत ते सामान्यतः खरे असते. दिव्याचे बटण घरातलाच मनुष्य दाबतो. भारसंतुलकाच्या बाबतीत ते खरे नाही. नवी जोडणी उघडणारा कोणी परका असतो, माहिती मागणारा तोच असतो, नियम तपासण्यास लावणाराही तोच. मागणी त्याची, भरणा संस्थेचा. दुकानदाराला गिऱ्हाइकांच्या संख्येवरून भाडे द्यावे लागावे, मग ते गिऱ्हाईक काही विकत घेवो, नुसते डोकावून जावो वा दगड मारण्यास आलेले असो, तसा हा प्रकार आहे. ‘वापर’ हा शब्द येथे कर्त्याची ओळख पुसून टाकतो.

याचा दुरुपयोग शक्य आहे हे संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले. जुन्या पद्धतीच्या हल्ल्यात संकेतस्थळ बंद पाडणे हा हेतू असे. नव्या प्रकारात संकेतस्थळ चालूच राहते, विस्तारक्षम यंत्रणा प्रत्येक खोट्या विनंतीला इमानाने उत्तर देते, आणि देयक वाढत जाते. समजा, सेकंदाला २०,००० खोट्या जोडण्या दहा तास येत राहिल्या आणि प्रत्येकीला १० किलोबाइटांचे उत्तर गेले. भारसंतुलकाची ८०० एकके ताशी ६ डॉलर ४० सेंट, म्हणजे दहा तासांचे ६४ डॉलर. बाहेर गेलेली माहिती ताशी ७२० गिगाबाइट, तिचे ६४ डॉलर ८० सेंट, दहा तासांचे ६४८. एका रात्रीत सातशे डॉलरांवर रक्कम जाते, आणि सकाळी कार्यालय उघडेपर्यंत कोणालाही काही जाणवत नाही, कारण संकेतस्थळ उत्तम चाललेले असते. मागचे सर्व्हर या लाटेला तोंड देण्यासाठी आपोआप वाढले असतील तर त्यांचे भाडे निराळेच.

विक्रेत्यांनी यावर काही उपाय योजले आहेत. ॲमेझॉनची ‘शील्ड ॲडव्हान्स्ड’ ही संरक्षण-योजना घेणाऱ्याला अशा हल्ल्यामुळे वाढलेल्या रकमेची भरपाई मागता येते. तिचे शुल्क महिन्याला ३,००० डॉलर आणि करार किमान एक वर्षाचा. सातशे डॉलरांच्या भयापोटी वर्षाला ३६,००० डॉलर भरणे मोठ्या व्यापारी पेढीला परवडेल, शैक्षणिक संस्थेला नाही. खर्चाची मर्यादा ठरवून इशारा मागविता येतो; पण देयकाची आकडेवारी काही तासांच्या विलंबाने अद्ययावत होते, आणि इशारा म्हणजे तोडलेला पुरवठा नव्हे. लोकमताचा रेटा मात्र कधी कधी उपयोगी पडलेला दिसतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये एका विकासकाने जाहीरपणे लिहिले की, त्याच्या रिकाम्या साठवणपात्रावर एका दिवसात परक्यांकडून सुमारे १० कोटी विनंत्या आल्या. त्या सर्व नाकारल्या गेल्या, तरी त्याला १,३०० डॉलरांहून अधिक देयक आले. पुढील महिन्यात ॲमेझॉनने बाहेरून येणाऱ्या अशा अनधिकृत विनंत्यांचा आकार साठवण सेवेपुरता रद्द केला. भारसंतुलकाला हा निर्णय लागू नाही. तेथे दारावर आलेली विनंती वैध की अवैध हे ठरविणे हेच मुळी काम आहे, आणि त्या कामाचेच पैसे आहेत, असा विक्रेत्याच्या बाजूने युक्तिवाद करता येईल. तो अगदीच निराधार नाही.

अनुदानावर चालणाऱ्या संस्थेची अडचण या सर्वांहून साधी असते. तिच्या अर्थसंकल्पात रक्कम शीर्षवार आणि वर्षाच्या आरंभी मंजूर होते. देयक मात्र महिन्याच्या अखेरीस, डॉलरच्या त्या दिवसाच्या भावाने आणि परक्यांच्या वागणुकीप्रमाणे येते. निविदा मागविताना सरासरी वापर लिहिला जातो, आणि वर दाखविल्याप्रमाणे सरासरीवरून प्रधान अंग कळत नाही. मागणीपत्रात नव्या जोडण्यांची संख्या, प्रत्येकीचा टिकण्याचा काळ, उत्तराचा आकार आणि नियमांची संख्या ही चार माने एरवीच्या दिवसासाठी आणि निकालाच्या तासासाठी निरनिराळी नोंदविली, तर निदान देयकाची खालची आणि वरची मर्यादा आधी काढता येते. बाहेर जाणाऱ्या माहितीचे शीर्ष स्वतंत्र ठेवावे. गुणपत्रक १० किलोबाइटांचे असावे की विद्यापीठाचे बोधचिन्ह, छायाचित्र आणि शोभेची चौकट धरून ४०० किलोबाइटांचे, या प्रश्नावर देयक चाळीसपटीच्या आसपास पुढेमागे होते. तो निर्णय बहुतेक ठिकाणी लेखाविभागाकडे कधी जातच नाही.